शेवटची बाई येईपर्यंत

आज आम्ही तुम्हाला एका खेळाचा इतिहास सांगणार आहोत. खेळाचं नाव ट्रायथलॉन. एकाच शर्यतीत आधी पोहायचं, पाण्यातून बाहेर आलं की सायकल चालवायची आणि सायकल ठेवली की धावायचं. मधे घड्याळ थांबत नाही. ओले कपडे सारखे करायला, पायात बूट घालायला जो वेळ जातो तोही हिशेबात धरतात.

हे ऐकून तुमच्यातली एखादी म्हणेल, आम्ही दिवसभर राबतोच की, आम्हाला हे आणखी कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आम्ही शेवटाकडं देऊ. आधी गोष्ट ऐका. या खेळात अशा बाया भेटतात की ज्यांनी मोठेपणी, पोरंबाळं झाल्यावर, कुणी पन्नाशी गाठल्यावर पहिल्यांदा सुरुवात केली. त्यांना सुरुवात करता यावी म्हणून वाट कुणी आणि कशी मोकळी केली, तीच आजची गोष्ट.

पोहणं, सायकल आणि धावणं या तिन्ही वाटा बाईसाठी एकेकाळी बंद होत्या. धावण्याचंच बघा. 1928 साली हॉलंडमधल्या ॲमस्टरडॅम शहरात ऑलिम्पिक भरलं. त्यात बायकांना पहिल्यांदा 800 मीटर धावायला मिळालं. जर्मनीची लिना राडके पहिली आली, तेही जागतिक विक्रम करून. पण दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत विक्रमाचं कौतुक कमी आणि बाया कशा कोसळल्या याचीच वर्णनं जास्त. जीव तोडून धावल्यावर कुणीही धापा टाकतं, जमिनीवर आडवं होतं. पुरुषही होतात. पण निकाल असा लागला की बाईच्या देहाला एवढं झेपत नाही. ऑलिम्पिकमधून ही शर्यत काढून टाकली गेली आणि बायकांना ती परत मिळाली 1960 साली. मधे 32 वर्षं गेली.

आता विचार करा. त्याच 32 वर्षांत जगभरातल्या बाया डोक्यावर हंडे वाहत होत्या, भाताची लावणी करत होत्या, मोळ्या आणत होत्या, पाटी-घमेली उचलत होत्या. हे त्यांना झेपणार नाही म्हणून कुणी नियम काढला नाही. नियम निघाला तो शर्यतीपुरता. म्हणजे प्रश्न ताकदीचा नव्हताच. बाईनं स्वतःच्या हौसेसाठी, चारचौघांसमोर अंग मेहनतीला लावावं की नाही, एवढाच प्रश्न होता.

पुढं 1967 साली अमेरिकेतल्या बोस्टन शहराच्या मॅरेथॉनमध्ये कॅथरीन स्वित्झर नावाची मुलगी उतरली. अर्जावर तिनं नावाची नुसती आद्याक्षरं लिहिली होती, त्यामुळं तिला 261 हा क्रमांक मिळून गेला. शर्यत चालू असताना एक अधिकारी धावत आला आणि तिच्या अंगावरचा क्रमांक ओढून काढायला लागला. सोबतच्यांनी त्याला बाजूला ढकललं आणि ती 42 किलोमीटर पुरे करूनच थांबली. त्या शर्यतीत बायकांना रीतसर प्रवेश मिळाला 1972 साली. ऑलिम्पिकमध्ये बायकांची मॅरेथॉन यायला तर 1984 साल उजाडलं.

सायकलची गोष्ट याहून जुनी. 1894 साली बोस्टनमधून ॲनी कोप्चोव्स्की नावाची एक बाई सायकलवरून जगाच्या फेरीला निघाली. ती तीन लेकरांची आई. निघायच्या काही दिवस आधीपर्यंत ती सायकलवर बसलेलीसुद्धा नव्हती. सुरुवातीला लांब घोळदार झगा आणि बायकांची जड सायकल. शिकागोपर्यंत जाताजाताच तिला कळलं की या झग्यात आणि या सायकलवर जग काही पालथं घालता येणार नाही. तिनं झगा सोडून सुटसुटीत विजार घातली, पुरुषांची हलकी सायकल घेतली आणि पुढं निघाली. पाण्याची एक कंपनी तिला जाहिरातीचे शंभर डॉलर देत होती, म्हणून कंपनीचं लंडनडेरी हे नाव तिनं आपल्या नावापुढं लावलं. वाटेत बराच प्रवास तिनं बोटीनंही केला, पण 1895 साली फेरी पुरी करून परतली. मोठेपणी शिकलेली बाई काय करू शकते, याचा हा सव्वाशे वर्षांपूर्वीचा दाखला.

आता आपल्या देशातलं एक उदाहरण. तमिळनाडूत पुदुक्कोट्टई नावाचा जिल्हा आहे. 1991 साली तिथं साक्षरतेची मोठी मोहीम चालू होती. शीला राणी चुंकत या त्या वेळी तिथल्या कलेक्टर होत्या. अक्षरं शिकवता शिकवता त्यांनी आणि कार्यकर्त्यांनी सायकल शिकवणंही मोहिमेत घेतलं. कारण वर्गाला यायचं तर बाईला घरातून निघता आलं पाहिजे, आणि निघायचं तर बसची किंवा नवऱ्याची वाट बघावी लागू नये. शेतमजूर, दगडखाणीत काम करणाऱ्या, अंगणवाडीच्या, दवाखान्यातल्या नर्सताई, शिक्षिका अशा सगळ्या शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलं आहे. जिल्ह्यात एक लाखाहून जास्त बाया सायकल शिकल्या असं ते सांगतात. लोकांनी टोमणे मारले, घाणेरडं बोलले, तरी बाया थांबल्या नाहीत. मागणी एवढी वाढली की लेडीज सायकली पुरेनात. मग बायांनी दांडीच्या सायकली घेतल्या, आणि काहींना त्याच बऱ्या वाटल्या, कारण पुढच्या दांडीवर लेकराला बसवता येत होतं.

राहिलं पोहणं. आपल्याकडं पोरगा आठ-दहा वर्षांचा झाला की त्याच्या पाठीला डबा बांधून त्याला विहिरीत सोडतात. मुलगी काठावरून बघते. पुढं तीच मुलगी बाई होऊन आयुष्यभर नदीवर धुणं धुते, विहिरीवर पाणी भरते, ओढा ओलांडून शेतात जाते. पाण्याशी सगळ्यात जास्त संबंध तिचा, आणि पाण्यात पाय घसरला तर तरंगायचं कसं हे तिलाच ठाऊक नसतं. बाईला पाण्यात जमत नाही असं म्हणावं, तर 1926 सालीच गर्ट्रूड एडर्ली ही अमेरिकन मुलगी इंग्लंडची खाडी पोहून गेली होती. तिच्याआधी पाच पुरुषांनी ती खाडी पार केली होती. त्या पाचही जणांपेक्षा तिला कमी वेळ लागला. 1959 साली कोलकात्याच्या आरती साहा यांनी तीच खाडी पार केली. आशियातली ही पहिली बाई. पहिल्या खेपेला त्यांना ती जमली नव्हती. महिन्याभरात त्या परत पाण्यात उतरल्या आणि पलीकडं पोचल्या.

या तीन वाटा एकत्र आल्या त्या 25 सप्टेंबर 1974 या दिवशी, अमेरिकेतल्या सॅन दिएगो गावी. तिथल्या धावपटूंच्या क्लबातल्या दोघांनी, जॅक जॉनस्टन आणि डॉन शॅनहन यांनी, गंमत म्हणून ही शर्यत ठेवली. एकूण सहा मैल धावणं, पाच मैल सायकल आणि पाचशे यार्ड पोहणं. बुधवारची संध्याकाळ होती. सायकल ज्यानं त्यानं घरून आणायची होती. 46 जण आले. त्यात कॉलिन्स नावाचं एक अख्खं कुटुंब होतं, नवरा जॉन, बायको जुडी आणि त्यांची दोन पोरं. मागचे लोक पाण्यात असतानाच अंधार पडला. तेव्हा काठावरच्या लोकांनी मोटारी पाण्याकडं तोंड करून उभ्या केल्या आणि दिवे लावले, म्हणजे मागून येणाऱ्यांना काठ दिसावा. या खेळातली ही पहिलीच संध्याकाळ, आणि त्यातली आम्हाला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे ते दिवे.

त्याच जॉन आणि जुडी कॉलिन्स यांनी 1978 साली हवाई बेटांवर मोठी शर्यत सुरू केली. 3.8 किलोमीटर पोहणं, 180 किलोमीटर सायकल आणि वर 42 किलोमीटरची मॅरेथॉन. नाव ठेवलं आयर्नमॅन, म्हणजे लोखंडी पुरुष. पहिल्या वर्षी 15 जण निघाले, 12 पोचले, सगळे पुरुष. दुसऱ्या वर्षी, 1979 साली, लिन लमेर नावाची सायकलपटू आली. ती 12 तास 55 मिनिटांत पोचली आणि सगळ्यांत मिळून पाचवी आली. नाव लोखंडी पुरुषाचं, आणि दुसऱ्याच वर्षी पाचवा नंबर बाईचा.

1982 साली याच शर्यतीत ज्युली मॉस नावाची कॉलेजातली मुलगी उतरली. अभ्यासाच्या प्रबंधासाठी ती आली होती. ती सगळ्या बायांच्या पुढं होती, पण शेवटच्या टप्प्यात अंगातलं सगळं बळ संपलं, पाय उभे राहीनात. रेघ जवळ दिसत असताना कॅथलीन मॅकार्टनी तिला मागं टाकून गेली. ज्युली गुडघ्यांवर रांगत 29 सेकंदांनी पोचली. हे सगळं टेलिव्हिजनवर दिसलं. पहिली कोण आली हे पुष्कळांच्या लक्षात राहिलं नाही, रांगत आलेली मात्र लक्षात राहिली, आणि ते बघून कितीतरी लोक या खेळाकडं वळले.

मोठेपणी सुरू करणाऱ्यांत सगळ्यात ठळक नाव सिस्टर मॅडोना ब्यूडर यांचं. अमेरिकेतल्या या ख्रिस्ती जोगिणीचा जन्म 1930 सालचा. वयाच्या 48 व्या वर्षापर्यंत त्या कधी धावल्या नव्हत्या. एका धर्मगुरूंनी सांगितलं की धावल्यानं शरीर आणि मन एका लयीत येतं, म्हणून त्यांनी करून बघितलं. 52 व्या वर्षी पहिली ट्रायथलॉन, 55 व्या वर्षी पहिली आयर्नमॅन. त्यांच्या वयाच्या बाईसाठी वयोगटच नसायचा, तो त्यांच्यासाठी नव्यानं उघडावा लागायचा. असं एकदा नाही, अनेकदा झालं. 2012 साली, 82 व्या वर्षी, कॅनडातली आयर्नमॅन त्यांनी 17 तासांच्या मुदतीत पुरी केली.

अशी माणसं लांबच असतात असं नाही. आपल्या बारामतीच्या लताबाई करे आठवा. साठी ओलांडलेली बाई नऊवारी लुगड्यात, अनवाणी पायांनी शर्यत धावली आणि जिंकली. नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे हवे होते, ते बक्षिसातून मिळणार होते. 2020 साली त्यांच्यावर सिनेमाही आला आणि त्यात त्यांनी स्वतःच काम केलं. लताबाईंना आमचा नमस्कार. पण त्यांची गोष्ट ऐकताना आमच्या गटात एक प्रश्न निघाला. घरची नड असली की बाईच्या धावण्याला सगळे टाळ्या वाजवतात. नड नसेल, नुसतं स्वतःला बरं वाटावं म्हणून ती निघाली, तर तिला तासभर मोकळा मिळेल का?

या प्रश्नाला धरून काम झालं ते 1990 साली. अमेरिकेत डॅन्स्किन या नावानं फक्त बायांसाठी ट्रायथलॉनची मालिका सुरू झाली. अंतर छोटं ठेवलं, सुमारे पाऊण किलोमीटर पोहणं, 20 किलोमीटर सायकल, 5 किलोमीटर धावणं. नोकरी करणाऱ्या, लेकुरवाळ्या, जाड, वयस्कर, कर्करोगातून उठलेल्या अशा सगळ्या जणी यायला लागल्या. पाण्याची भीती वाटणाऱ्या बाईच्या बरोबर पोहायला एक सोबतीण दिली जायची. आणि सॅली एडवर्ड्स नावाची एक नामांकित खेळाडू दर शर्यतीत सगळ्यांत शेवटी यायची. स्वतः मोठ्या शर्यती जिंकलेली ही बाई मुद्दाम मागं राहायची. कारण नवीन बाईला दमण्याची भीती कमी असते, सगळ्यांत शेवटी येऊन हसं होण्याची भीती जास्त असते. सॅली म्हणायची, शेवटचा नंबर माझा, तुम्ही फक्त या. शंभराहून जास्त वेळा तिनं हा शेवटचा नंबर घेतला.

पुढं 2000 साली सिडनीला ऑलिम्पिकमध्ये हा खेळ आला, तेव्हा पहिली शर्यत बायांची झाली आणि स्वित्झर्लंडच्या ब्रिजिट मॅकमॅहनला या खेळातलं पहिलं सुवर्णपदक मिळालं. 2019 साली गोव्याच्या मिरामार किनाऱ्यावर अर्ध्या अंतराची आयर्नमॅनही झाली. म्हणजे खेळ आपल्या दारापर्यंत आला आहे.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडं येऊ. दिवसभर राबतो, मग हे कशाला? मैत्रिणींनो, कष्ट आणि सराव यांत फरक आहे. कष्टात काम किती करायचं हे काम ठरवतं. पाणी संपलं की हंडा उचलायचाच, पाठ दुखो की कंबर. सरावात किती करायचं ते आपण ठरवतो, आणि त्यात विश्रांती आणि खाणं हे सरावाचेच भाग असतात. शरीर बळकट होतं ते मेहनतीनंतरच्या विश्रांतीत. नुसतीच मेहनत आणि वर अर्धपोटी झोप, यानं शरीर झिजतं. म्हणून कष्टाच्या वर आणखी कष्ट चढवा असं आम्ही सांगत नाही. घरातलं थोडं काम दुसऱ्याच्या हाती गेलं, तरच सरावाला जागा होईल. हे घरी बोलावं लागेल.

आणि ज्यांना करून बघायचं आहे, त्यांच्यासाठी छोटं अंतर आहे. 400 मीटर पोहणं, 10 किलोमीटर सायकल, अडीच किलोमीटर धावणं. आधी आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासा. आपल्यात रक्त कमी असणं फार आढळतं, आणि तसं असेल तर पहिला सराव म्हणजे औषध आणि आहार. छातीत दुखणं, चक्कर, दम लागणं असेल, रक्तदाब असेल किंवा दिवस गेलेले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

धावणं असं सुरू करा. एक मिनिट हळू पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं वीस मिनिटं, आठवड्यातून दोनदा. पळताना शेजारणीशी बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. दोन-तीन आठवड्यांनी पळणं थोडं वाढवा, चालणं थोडं कमी करा. सायकल आठवड्यातून दोनदा, आधी अर्धा तास, मग पाऊण तास. ज्यांना येत नाही त्यांनी मोकळ्या मैदानात, सीट खाली घेऊन, दोन्ही पाय जमिनीला टेकतील अशी सायकल घेऊन शिकावं. शेवटच्या महिन्यात सायकलवरून उतरल्या उतरल्या पाच-दहा मिनिटं पळून बघा. पाय लाकडासारखे लागतात. सगळ्यांनाच लागतात. सवयीनं ते सुटतात.

पोहण्याला घाई नको. जवळच्या गावात तलाव असेल आणि बायांची वेगळी वेळ असेल, तर चार-पाच जणी मिळून जा. छातीइतक्या पाण्यात उभं राहून, काठ धरून, तोंड पाण्यात घालून श्वास बाहेर सोडायला शिकणं हा पहिला धडा. दुसरा धडा पाठीवर तरंगणं. हात मारणं त्यानंतर. विहिरीत, धरणात, पुराच्या पाण्यात शिकायला जाऊ नका, आणि पोहता येणारं माणूस सोबत असल्याशिवाय कुठल्याच पाण्यात उतरू नका. बाकीच्या दोन गोष्टी तीन महिन्यांत जमतील, पोहण्याला सहा महिने लागले तरी चालतील. तोवर शर्यतीची तारीख ठरवू नका. तलावच नसेल तर धावणं, सायकल आणि परत धावणं अशीही शर्यत असते, तिला ड्युएथलॉन म्हणतात.

आठवड्यातला एक दिवस पूर्ण सुट्टीचा. सरावाआधी काहीतरी पोटात हवं, केळं असो की भाकरीचा तुकडा, आणि नंतर उसळ, डाळ, शेंगदाणे, अंडं यांतलं जे मिळेल ते. पाणी पीत राहा. ज्युली मॉसचे पाय का गेले ते आठवा. जिद्द पुष्कळ होती, अंगात इंधन उरलं नव्हतं. पाळीच्या दिवसांत बरं वाटत असेल तर सराव करा, नसेल तर करू नका, त्यात लाजण्यासारखं काही नाही. लुगडं, साडी, पंजाबी ड्रेस, जे सोयीचं ते घाला. फक्त सायकलच्या साखळीत पदर आणि ओढणी जाणार नाही एवढं बघा.

पुढच्या महिन्याच्या गटाच्या बैठकीत तीन गोष्टी ठरवता येतील. आपल्यातल्या किती जणींना पोहता येतं याची मोजणी करा. तालुक्याच्या तलावावर बायांसाठी वेळ मागायचा अर्ज लिहा. आणि शर्यत असो वा नुसता पहाटेचा फेरा, मागं कोण राहणार हे आधी ठरवा. ज्या बाईला चांगलं पळता येतं, तिनंच ते काम घ्यावं.